सहा नंबरचे छर्रे

"अगो, मी मागेन तेव्हा लगेच काडतूस काढून द्यायचं नाहीस. आधी विचारायचंस, पाठीमागे काय आहे? मी नीट उत्तर दिलं तर दे. नाही दिलं, तर मी कितीही तडतडलो तरी किल्ली कमरेची सोडायची नाही. कबूल?"

"कबूल," असं विभावरीबाई म्हणाल्या होत्या. त्याला चाळीस वर्षं झाली. ते कपाट गेलं, किल्ली गेली, तीन वर्षांमागच्या पौषात किल्ली सोपवणारे यजमान, दीनानाथही गेले. आवाज मात्र आपली वेळ पाहून येई. आज तो गंध उगाळताना आला.

रविवार होता, दसऱ्याचा. रात्री इथली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली होती आणि घरात सकाळपासून सगळे एकमेकांना खरी वेळ विचारत होते. विभावरीबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या उजाडायच्या आधी उठत; उजाडायचं ते आपल्या वेळेलाच उजाडे. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून कॉर्कला लेकाकडे आल्या आणि करोनानं विमानं बंद झाली. चातुर्मासाचे नेम त्यांनी इथेच धरले. दिवसातून एकदा जेवायचं, जेवताना बोलायचं नाही, आणि पहिला घास कावळ्याला. हा शेवटचा नेम रोजचाच, बारा महिन्यांचा. समोरच्या दगडी बांधावर भाताची मूद ठेवली की इथले कावळे पाच मिनिटांत हजर. 'गावच्यांपेक्षा शिस्तीचे आहेत,' असं त्यांनी एकदा फोनवर नंदिनीला, आपल्या बहिणीला, कौतुकानं सांगितलंही होतं.

पाटावर त्यांनी सगळ्यांची हत्यारं मांडली. लेकाचा, उपेंद्रचा, आणि सुनेचा, सुरुचीचा लॅपटॉप. सुरुचीचा कारखान्यात घालायचा चष्मा. सुरुचीच्या भावाची, विक्रांतची, गाडीची किल्ली. नऊ वर्षांच्या नातीची, मुक्ताची हर्ली, म्हणजे इथल्या खेळाची ती पळीसारख्या तोंडाची काठी. मिक्सरचं भांडं. आणि कडेला, जुन्या टॉवेलवर, मध्यातून मोडून उघडी ठेवलेली दुनळी बंदूक.

सगळ्यांना गंध लागलं, फूल मिळालं. बंदूक तशीच राहिली.

उपेंद्रच्या ते लगेच लक्षात आलं. "आई, बंदुकीला राहिलं."

"राहिलं नाही रे. ठेवलंय."

"म्हणजे?"

"तिच्यात काय भरायचं ते अजून ठरायचंय ना तुमचं? ठरू दे. मग लावते."

तो हसला, पण पुरता नाही. जुलैत रात्री घरात चोर शिरून गेला, म्हणून अर्ज केला, तरी परवाना निघायला ऑगस्टपासून ऑक्टोबर उजाडला होता. पोलादी तिजोरी भिंतीत बसवली, गार्डा, म्हणजे इथले पोलीस, येऊन ती पाहून गेले, आणि लॉकडाऊन लागायच्या आदल्या दिवशी दुकानदारानं बंदूक हातात दिली. एवढ्या खटपटीनंतर आईचं एक बोट गंध अडून राहावं, हे त्याला कुठेतरी टोचलं.

तेवढ्यात फाटकावर ट्रॅक्टरचा भोंगा वाजला.

शेजारचा पॉडी सत्तरीचा होता. तो ट्रॅक्टरवरून उतरला नाही. दोन मीटरचं अंतर राखून त्यानं एक छोटी पिशवी लांबूनच उपेंद्रच्या हातात टाकली. तुझ्याकडे सहा नंबरच्या काडतुसांची पेटी आहेच, ती कावळ्यांना पुरे. ही चार मोठ्या छऱ्यांची, बीबीची, कोल्ह्यासाठी, बघून ठेव, असं म्हणाला. मग त्यानं रस्त्यापलीकडच्या आपल्या सात एकरांकडे हात केला. बार्ली पेरून दहा दिवस झाले होते आणि वावर काळं दिसत होतं, मातीनं नव्हे, कावळ्यांनी.

"यंदा इतके कुठून आले देव जाणे," पॉडी म्हणाला. "कोणीतरी खायला घालतंय त्यांना."

आई रोज भात ठेवते त्या बांधाकडे न बघता उपेंद्र उभा राहिला.

"तू ते वावर माइंड करशील, राखशील ना रे माझ्यासाठी? सकाळचा तास-दीड तास. म्हणून तर सही दिली तुला."

"करीन, पॉडी. शब्द दिलाय."

"गुड मॅन," म्हणून पॉडी गेला.

*

सुरुचीनं श्रीखंडाचं पातेलं टेबलावर ठेवलं. इथलं घट्ट दही बांधून ठेवायचीसुद्धा गरज पडत नाही, तरी सासूबाईंनी ते रात्रभर फडक्यात टांगलंच होतं. केशर घोटताना आज तिला फार दिवसांनी बरं वाटलं होतं. घरात पाच माणसं होती. विक्रांत डून लेरीला एकटा राहायचा. एकट्या माणसाला एका घराशी जोडून घ्यायची मुभा मिळाली तशी तो कॉम्प्युटर, दोन मॉनिटर आणि लोणच्याची बरणी घेऊन कॉर्कला आला होता. "मी तुमचा बबल आहे," असं म्हणत तो बैठकीतल्या सोफ्यावर पसरला, तो अजून उठला नव्हता.

आत्ता मात्र तो सरळ बसला होता. पानाशेजारी त्यानं दोन काडतुसं उभी केली. एक लाल, एक काळं. दोघांची पितळी बुडं चकचकीत.

"हे लाल, सहा नंबर. आत अडीचशेच्या वर बारीक छर्रे. हे काळं, बीबी. छर्रे थोडे पण मोठे. दाजी, सहा नंबरनं चोराला गुदगुल्या होतील."

"विकी, जेवणाच्या टेबलावरून उचल ते आधी."

"तायडे, आजच तर पूजा असते ह्यांची."

"पूजा पाटावर असते. पानाजवळ नसते. उचल."

त्यानं ती उचलून उपेंद्रकडे दिली. उपेंद्रनं खिशात घातली. विभावरीबाईंनी बाहेर घास ठेवून येऊन हात जोडले आणि पहिला घास घेतला. म्हणजे आता अर्धा तास त्या बोलणार नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"पॉडी म्हणतो, एका घराच्या अंतरात सहा नंबरसुद्धा गुदगुल्या करत नाही," उपेंद्र म्हणाला. "आणि तो लहान छर्रा भिंतीत लवकर मरतो. मी सहाच म्हणतोय."

"आणि त्यानं जाड जॅकेट घातलं असेल तर? इथे बारा महिने जाड जॅकेटच असतं. मी बघितलंय, तो अमेरिकन सांगतो..."

"तू तीन व्हिडिओ बघितलेस आणि कर्नल झालास," सुरुची म्हणाली. पण ती हसत नव्हती. जुलैपासून बंदुकीच्या बाजूनं सर्वांत ठाम तीच होती. अर्ज तिनंच भरून दिला होता. आता काडतूस समोर आल्यावर तिला आपल्याच बाजूची भीती वाटायला लागली होती. "आमच्याकडे कारखान्यात कुठलीही वस्तू निवडताना पहिला प्रश्न असतो, चुकली तर काय होईल? बरोबर चालली तर काय, हे नंतर."

"चुकली तर? चोर पळून जाईल," विक्रांत म्हणाला.

"बट मामा, इट्स नॉट फॉर रॉबर्स," मुक्ता मध्येच म्हणाली. तिला घरातलं सगळं मराठी कळे. उत्तर मात्र कॉर्कच्या सुरात येई. "डॅडी टोल्ड द गार्ड इट्स टु शूट द क्रोज. ही रोट इट ऑन द फॉर्म."



विभावरीबाईंचा घास ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबला. त्यांनी लेकाकडे पाहिलं. रागानं नव्हे. लहानपणी तो पाटीवर चुकीचं अक्षर काढायचा तेव्हा पाहत, तसं. मग खिडकीतून बांधाकडे पाहिलं. तिथे दोन कावळे भाताची मूद वाटून घेत होते.

"आई, तसं नाही," उपेंद्र घाईनं म्हणाला. "इथे घराची राखण असं कारण लिहिलं तर परवाना मिळतच नाही. पिकाची राखण चालते. पॉडीनं त्याच्या जमिनीवर परवानगी दिली, म्हणून कावळे लिहिले. नुसतं लिहायला."

विभावरीबाईंनी घास खाल्ला. तो चावायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

"कधी लिहिलंस फॉर्मवर?" सुरुचीनं विचारलं, कारण सासूबाई विचारू शकत नव्हत्या.

"पहिला अर्ज परत आला होता ना. दुसरा दिला तो... सप्टेंबरात. दहा-बारा तारीख."

"पितृपक्षात?"

"माझ्या डोक्यात आलं नाही, सुरुची."

विक्रांतला हसू आवरेना. "दाजी, म्हणजे आई रोज सकाळी बोलावून बोलावून जेवू घालत होत्या, आणि तुम्ही तिकडे गार्डाला लिहून..."

"विकी!"

"सॉरी. पण पॉडी बिचारा डोकं खाजवतोय, एवढे कावळे आले कुठून!"

आता मुक्ताही हसली, आणि उपेंद्रच्याही ओठाचा कोपरा हलला. फक्त सुरुचीला हसता येईना. तिच्या मनात त्या हसण्याच्या पाठोपाठ दुसराच हिशेब जुळत आला होता, जो तिला तीन महिन्यांत दिसला नव्हता.

"किल्ली कुठे असते, उपेंद्र?"

"कशाची?"

"तिजोरीची."

"माझ्याकडे. कायद्यानं दुसऱ्या कोणाकडे देता येत नाही. परवाना माझा आहे."

"आणि चोर आला तेव्हा तू कुठे होतास?"

त्याचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

"तू रात्रपाळीला होतास. महिन्यातले चौदा दिवस असतोस. म्हणजे पुन्हा कोणी आला, तर बंदूक भिंतीत, किल्ली तुझ्या खिशात, आणि खिसा रिंगास्किडीला, कारखान्यात. मग सहा नंबर घे नाहीतर सोळा नंबर घे. राखण कोणाची होणार?"

विक्रांतनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "तायडे, ते मी धरलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच तो बहिणीच्या बाजूला सरकला.

"मग ज्या रात्री मी घरी असेन त्या रात्री तरी," उपेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "काहीच नको का करू? हॉट प्रेसच्या कपाटात टॉवेलांच्या मागे तू सोनं ठेवलं होतंस, ते त्यांना पाच मिनिटांत सापडलं. माझी बायको, आई, मुलगी घरात, आणि मी तिकडे टाकीचं तापमान बघत बसलोय. मला किती दिवस झोप नाही लागली ते माहितीये तुला?"

"पाटल्या गेल्याचं मला काही नाही," सुरुची म्हणाली. मुक्ताकडे पाहून ती थांबली. "मुक्ता, मामाला घेऊन ती पिवळी पानं आणतेस? संध्याकाळी सोनं वाटायचंय."

"आय नो यू'र ओन्ली सेंडिंग मी आउट."

"हो. जा."

मामा-भाची बूट चढवून गेल्यावर तिनं टेबलावरचं केशराचं बोट पुसलं आणि मग बोलली.

"त्या दिवशी मी उठले तेव्हा मागचं दार उघडं होतं, ते तुला माहीत आहे. मुक्ताच्या खोलीचं दारही उघडं होतं. मी झोपताना ओढून घेतलं होतं. अर्धं उघडं होतं, उपेंद्र. कोणीतरी आत डोकावून गेलं होतं. हे मी फक्त आईंना सांगितलंय."

उपेंद्रनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. ताटातला शेवटचा घास संपवला, ताटाला नमस्कार केला, आणि ताट उचलून त्या बेसिनकडे गेल्या. नळाचा आवाज थांबेपर्यंत दोघंही हलली नाहीत.

*

"उठ," विभावरीबाई हात पुसत म्हणाल्या. "कुठे उभा राहणार आहेस ते मला दाखव."

"काय?"

"चोर आला. तू घरी आहेस. कुठे उभा राहशील?"

उपेंद्र उठला. खरं तर हे त्यानं मनात शंभरदा केलं होतं, पण आईसमोर करताना त्याला शाळेच्या नाटकातल्यासारखं झालं. बंगल्याच्या मधोमध लांब बोळ होता. एका टोकाला त्यांची झोपायची खोली. बोळ दुसऱ्या टोकाला डावीकडे वळून स्वयंपाकघराकडे जाई. तो आपल्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"इथे. तो स्वयंपाकघरातून वळून आला की समोर दिसेल. त्या वळणावर."

विभावरीबाई बोळातून चालत त्या वळणापर्यंत गेल्या. उंचीनं लहानशा, नऊवारीवर लेकाचा जुना स्वेटर घातलेल्या. जिथे चोर उभा असता तिथे त्या उभ्या राहिल्या, आणि पाठीमागच्या भिंतीवर त्यांनी बोटाचं पेर वाजवलं. ढब, ढब. पोकळ आवाज आला.

"कसली आहे रे ही?"

"प्लास्टरबोर्ड. दोन पातळ फळ्या आणि मध्ये पोकळी."

"बाबांचा प्रश्न आठवतो तुला?"

त्याला तो आठवत होता. कसा विसरेल? पावसाळ्याच्या आधी सुरणाच्या आणि भुईमुगाच्या वावरात रानडुकरं उतरली की बाबा माजघराच्या दाराशी येऊन म्हणत, 'अगो, एक दे.' शेतसंरक्षणाच्या परवान्यावर काडतुसं वर्षाला मोजकीच मिळत. आईनं ती कपाटात, तांदळात पुरलेल्या डब्यात ठेवलेली असत, कारण कागदी नळीला ओल लागली की ती फुगे आणि बंदुकीत शिरत नसे. श्रावणात कडकडीत ऊन पडलं की आई एका सुपात वाळवणासारखी ती मांडून राखण करी, आणि एकेकाच्या कडेवरून अंगठा फिरवून पाही. झाडलेली काडतुसं उपेंद्रची. ओठाला लावून फुंकली की शिट्टी वाजे. त्या नळीत जळक्या दारूचा वास दोन दोन दिवस राही. निवडणूक आली की बंदूक चौकीत जमा व्हायची आणि बाबा आठवडाभर हात रिकामे झाल्यासारखे वावरायचे.

पण काडतूस देण्याआधी आई दर वेळी विचारी, 'पाठीमागे काय आहे?' आणि बाबा, ज्यांना गावात कोणी उलट प्रश्न करत नसे, ते मुकाट्यानं उत्तर देत. 'बांध.' 'बांधापलीकडे?' 'वहाळ.' 'वहाळापलीकडे?' 'कोणी नाही गो. डोंगर.' 'मग घ्या.'

"मला तो तुमचा खेळ वाटायचा," उपेंद्र म्हणाला.

"खेळ कसला? न्हाणीघरातलं घंगाळ आठवतं?"

"तांब्याचं. त्याला तीन डाग दिलेले होते. मी त्यांना टिकल्या म्हणायचो. आंघोळ करताना बोट लावायचो त्यांना." त्याचं बोट आपोआप हवेत हललं. "ते पडून फुटलं होतं ना?"

"असं तुला सांगितलं होतं." विभावरीबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. "तू दोन वर्षांचा होतास. दिवेलागणीची वेळ. मी तुला न्हाणीघरात बसवून न्हाऊ घालत होते. परसात डुक्कर आलं. एलजीचं, मोठ्या दाण्यांचं काडतूस भरलेलं होतं बंदुकीत, तेव्हा बंदूक भरूनच भिंतीला टेकवलेली असायची. ह्यांनी उचलली आणि झाडली. डुक्कर गेलं पळून. त्याच्या पाठीमागे न्हाणीघराचा कूड होता. कारवीचा, शेणानं लिंपलेला. तीन दाणे त्यातून आत आले. घंगाळ पाण्यानं काठोकाठ भरलेलं होतं. तू त्याच्या ह्या बाजूला, दाणे त्या बाजूनं."

उपेंद्रचं हवेतलं बोट खाली आलं.

"पाण्यानं धरले रे ते. तळाशी पडलेले मिळाले. तीन भोकांतून पाण्याच्या तीन धारा लागल्या होत्या, आणि तू पलीकडे वाकून त्यांना हात लावून खिदळत होतास. हे धावत आले, दारात बसले, आणि कितीतरी वेळ त्यांना उठता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी काडतुसांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला बांधली. मला म्हणाले, मी मागेन तेव्हा विचारायचंस."

सुरुची स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं पदरासारखा टॉवेल दोन्ही हातांत धरला होता.

"आता मी तुला विचारते," विभावरीबाई म्हणाल्या. "मी इथे उभी आहे, चोराच्या जागी. माझ्या पाठीमागे काय आहे?"

उपेंद्रला उत्तर माहीत होतं. ते गेले तीन महिने माहीत होतं; त्या भिंतीला टेकून पांढरा पलंग त्यानंच लावला होता, उशी ह्या बाजूला, कारण खिडकीकडून गार वारा येतो.

"मुक्ता," तो म्हणाला.

"सहा नंबर चालेल?"

"नाही."

"ते दुसरं?"

"नाही, आई." तो खाली बसला, दारातच, बोळाच्या लाकडी जमिनीवर. बाबा कसे बसले असतील ते त्याला आता कळलं. "कुठलंच नाही चालत."

सुरुची येऊन त्याच्या शेजारी बसली. बाहेर मुक्ताचं आणि विक्रांतचं भांडण ऐकू येत होतं, कुठलं पान जास्त सोनेरी यावर.

"मला बंदूक नको होती," ती म्हणाली. "मला वाटलं तुला हवी आहे, म्हणजे तुला बरं वाटेल. मला तू घरी हवा होतास. कंपनीनं तुला दिवसपाळीचं विचारलं होतं ना मेमध्ये?"

"तेव्हा नाही म्हणालो. शिफ्ट लीडची जागा गेली असती."

"हं."

"मंगळवारी पुन्हा विचारतो," तो म्हणाला. मग दोन्ही हातांनी तोंड पुसत, "पण पॉडीचं काय करू? त्याचं बी सगळं चाललंय. मी खोटं लिहून दिलं असेल, त्यानं खरं मानून सही केली. त्याला शब्द दिलाय मी कावळ्यांचा."

"दिलायस तर पाळ," विभावरीबाई म्हणाल्या.

उपेंद्रनं चकित होऊन वर पाहिलं.

"गावी तू बघितलंस का कधी बाबांना कावळ्यावर काडतूस घालवताना? पाखरं मी उठवायचे. रॉकेलचा डबा आणि काठी. सकाळचा तासभर. दमलं की खाली बसायचं, पुन्हा उठायचं. आणि माझंही चुकलंच. मी घास समोरच्या बांधावर ठेवते, तिथून वावर त्यांना दोन उड्यांवर. उद्यापासून मागे ठेवीन, त्या सफरचंदाच्या झाडाखाली. यायचे ते येतील तिकडे."

*

संध्याकाळी सव्वापाचलाच अंधारून आलं. विभावरीबाईंनी दिवा लावला. मुक्तानं बीचच्या झाडाची पिवळी पानं सगळ्यांच्या हातावर ठेवली आणि शिकवल्याप्रमाणे वाकून, मराठीत, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणाली. विक्रांतनं तिच्या उच्चाराची नक्कल केली आणि पाठीत हर्ली खाल्ली. उपेंद्रनं बंदूक पुसून तिजोरीत ठेवली, लाल काडतूस पेटीत परत घालून पेटी निराळ्या कप्प्यात बंद केली. चार बीबी एका पाकिटात बांधून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, उद्या पॉडीच्या हातात द्यायला. बंदुकीला गंध लागलं की नाही, ते त्यानं विचारलं नाही.

सोमवारी बँक हॉलिडे. विभावरीबाई रोजच्या वेळी उठल्या, न्हाल्या, पोथीची पानं वाचली. कुकर लावला. पहिली मूद घेऊन त्या मागच्या दारानं सफरचंदाच्या झाडाखाली गेल्या आणि दगडावर ठेवून बाजूला उभ्या राहिल्या. कोणी आलं नाही. समोरच्या बांधावर एक जण मान वाकडी करून रिकाम्या जागेकडे बघत होता.

"इकडे हो," त्या अगदी हळू म्हणाल्या.

आत येऊन पाहतात तर पाटावरचं काहीतरी हललं होतं. रात्री सगळी निजल्यावर त्यांनी तिथे बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा ठेवला होता आणि त्याला गंधाचं बोट लावलं होतं. शेजारी पितळेची पळी. आता पाटावर फक्त कालची फुलं होती.

पुढच्या दाराशी उपेंद्र रबरी बूट चढवत होता. डोळे झोपेनं जड, पण चेहरा फार दिवसांनी निजून उठल्यासारखा. मुक्ताच्या खोलीचं दार त्यानं जाता जाता ओढून घेतलं. डबा काखेत होता. पळी आत वाजू नये म्हणून त्यात त्यानं पंचा कोंबला होता. दार त्यानं लोटलं, आवाज न करता.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते. विभावरीबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. तो फाटकापर्यंत गेला, कडी हातानं अलगद उचलली, रस्ता ओलांडला, आणि धुक्यातल्या सात एकरांकडे चालू लागला.